पहिल्या सिनेमात रॉकी हरतो

'रॉकी'च्या शेवटी काय होतं, असं ओळखीच्या चार-पाच जणांना विचारून बघा. 'तो जिंकतो' म्हणणारा एक तरी भेटेल. मीही तेच लिहिलं होतं, आणि ते चक्क प्रबंधाच्या मसुद्यात. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले, 'परत बघा.'

परत बघितला. 1976 च्या 'रॉकी'त जिंकतो अपोलो क्रीड, तेही पंचांचं एकमत न होता. तो निकाल धड ऐकूही येत नाही, कारण त्या गोंगाटात रॉकी एड्रियनला हाका मारत असतो. आदल्या रात्रीच त्याने तिला सांगितलेलं असतं की आपण काही जिंकणार नाही, पंधरा फेऱ्या पायावर उभं राहायचं, बस्स. तेवढं तो करतो. नॉकआउट आहे 1979 च्या 'रॉकी 2'मध्ये. तिथे पंधराव्या फेरीत दोघंही कोसळतात आणि दहा मोजून व्हायच्या आत एकटा रॉकी उठतो. माझ्या डोक्यात दुसऱ्याचा शेवट पहिल्याला जाऊन चिकटला होता.

याला नुसता विसरभोळेपणा म्हणून सोडू नका. 'रॉकी 2' सुरूच होतो पहिल्या सिनेमाचा शेवट पुन्हा दाखवून. मग अपोलोला लोकांची टीका झोंबते आणि तो फेरलढत मागतो. म्हणजे पहिल्यात ज्या निकालाला किंमत नव्हती, तोच आता सगळ्या कथेचं कारण होतो. दोन्ही पटकथा स्टॅलोनच्याच आहेत, पण लेखक तोच म्हणून अर्थही तोच असं धरून चालू नका.

या दोघांच्या मागे तिसरी लढत आहे, खरी. 24 मार्च 1975, ओहायो. मोहम्मद अलीसमोर चक वेपनर. नवव्या फेरीत अली खाली जातो, पण पंधराव्या फेरीत 19 सेकंद उरलेले असताना पंच लढत थांबवतात. वेपनर हरतो. आता तिन्ही तारखा ओळीने मांडा. 1975 मध्ये माणूस 19 सेकंदांनी कमी पडतो, 1976 मध्ये शेवटपर्यंत टिकतो, 1979 मध्ये जिंकतो. वेपनरला अलीशी फेरलढत कधीच मिळाली नाही. ती सिनेमात झाली.

माझी दुसरी चूक मात्र याहून वाईट होती. मी लिहिलं होतं की रॉकीचा हा विजय म्हणजे 'रेगनच्या अमेरिकेचा आत्मविश्वास'. वाक्य छान वाटत होतं हो! पण सिनेमा आला जून 1979 मध्ये, आणि रेगन निवडून आले नोव्हेंबर 1980 मध्ये. शिवाय सिनेमाचा पहिला अर्धा भाग मी सोयीस्करपणे विसरलो होतो (मला तर तोच जास्त आवडतो). त्यात रॉकीला जाहिरातीच्या शूटिंगमध्ये समोरचं नीट वाचता येत नाही. हातातले पैसे उडतात, मांसाच्या कारखान्यात काम मिळतं आणि तिथूनही कामगारकपातीत तो बाहेर पडतो. यात कुठला आत्मविश्वास दिसतो, तुम्हीच सांगा.

ते वाक्य मी खोडलं. पहिल्यात एकटाच पायऱ्या चढणारा रॉकी दुसऱ्यात पोरांचा घोळका मागे घेऊन का धावतो, या प्रश्नापाशी सध्या प्रकरण अडकलंय.