हरिजन, दलित की अनुसूचित जाती? कोणता शब्द कुठे चालतो

लालबर्रा : तहसीलच्या कागदावर ‘अनुसूचित जाति’, सभेत ‘दलित’ आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘हरिजन’. माणसं तीच, शब्द मात्र वेगवेगळे. त्यांचा अर्थ असा :

अस्पृश्य : विटाळ मानण्याच्या प्रथेवरून आलेला शब्द, हिंदीत ‘अछूत’. संविधानाच्या कलम १७ ने ही प्रथाच बंद केली.

बहिष्कृत : डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं. या शब्दात बोट बाहेर टाकणाऱ्याकडे जातं.

हरिजन : गांधीजींनी १९३२ नंतर रूढ केला. आंबेडकरी समाजाला तो कधीच पटला नाही. जात प्रमाणपत्रावर तो लिहू नये, असं केंद्राने १९८२ मध्ये राज्यांना कळवलं.

दलित : १९७२ च्या दलित पँथरनंतर महाराष्ट्रभर पोचला. २०१८ मध्ये ग्वाल्हेर खंडपीठाच्या आदेशावरून केंद्राने सरकारी व्यवहारात तो टाळायला सांगितलं. स्वतःला दलित म्हणवायला बंदी नाही.

अनुसूचित जाती : १९३५ च्या कायद्यातला, आजचा कायदेशीर शब्द. कलम ३४१ प्रमाणे यादी राज्यवार असते. म्हणून लालबर्र्याची मुलगी लग्न होऊन गोंदियाला गेली, तर इकडच्या दाखल्यावर तिला महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही.

अत्याचार झाला तर मात्र १९८९ च्या कायद्याचं संरक्षण दुसऱ्या राज्यातही मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तक्रार देताना मूळ राज्याचा जातीचा दाखला जवळ ठेवावा.