मॉरिशसचं खाणं शिध्यातून घडलं

पोर्ट लुईच्या बाजारात धोलपुरीच्या गाडीपुढे सकाळपासून गर्दी असते. विक्रेता हळदीने पिवळसर झालेल्या दोन पातळ पोळ्या कागदावर पसरतो. त्यांवर पावट्याहून मोठ्या दाण्यांची रस्सेदार उसळ, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि वाटलेली मिरची घालून गुंडाळी हातात देतो. धोलपुरी विकली जाते ती जोडीनेच. क्रेओल, चिनी, तमीळ, मुसलमान, भोजपुरी अशा सगळ्या घरांतली माणसं ती उभ्या उभ्या खातात. बेटावर नव्याने राहायला आलेल्या माणसाला इथलं खाणं समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या गाडीपासूनच करावी.

या बेटाला मूळ रहिवासी असे नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा तिथे मनुष्यवस्ती नव्हती. त्यांनी जावाहून ऊस आणि हरणं आणली. पुढे फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. त्यांची पोटं भरण्यासाठी गव्हर्नर ला बुर्दोने याने कसाव्याची लागवड वाढवली. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. ती संपणार हे दिसू लागल्यापासूनच उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते.

ते हात हिंदुस्थानातून आले. कलकत्त्याहून निघालेलं ‘अ‍ॅटलस’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं अशी करारावर आली. बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली, बरीच मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची कोकणी माणसं होती. करार साधारण पाच वर्षांचा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पगारासोबत शिधा मिळे: तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप.

धोलपुरीचं मूळ बिहारी दालपुरीत आहे, पण मराठी वाचकाला ती बघताक्षणी पुरणपोळी आठवेल. हरभऱ्याची डाळ हळद घालून बोटचेपी शिजवायची, निथळून कोरडी वाटायची, भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळायची, कणकेच्या उंड्यात भरून पातळ लाटायची. गूळ नाही, वेलची नाही. आपल्याकडे डाळ शिजवून उरलेल्या कटाची आमटी होते; तिथे त्याच पाण्यात पीठ मळतात. त्यामुळे पोळी गार झाली तरी मऊ राहते. दुपारपर्यंत गाडीवर टिकणाऱ्या पदार्थाला हा गुण हवाच.

बाकीचं ताटही असंच वस्तीवस्तीतून भरत गेलं. तळलेल्या माशाला मोहरी, लसूण, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला विंदाय गोव्याच्या विंदालूच्या नात्यातला. तमिळांच्या लग्नात केळीच्या पानावर सात भाज्यांची ‘सेत कारी’ वाढतात. चिन्यांनी नूडल्स आणि उकडलेले गोळे दिले. शेवग्याच्या आणि अळूच्या पाल्याचं लसूण घातलेलं कढण, ‘बुयों ब्रेद’, तर जवळपास प्रत्येक घरात होतं. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिथून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा मका, कसावा आणि कणकेवर बेटाने दिवस काढले.

मराठी माणसं वाकोआ, कास्कावेल या भागांत स्थिरावली. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. मराठी घरांत त्या दिवशी मोदक होतात आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते. भाषा अनेक घरांत क्रेओलपुढे मागे पडली, पण सणाचं ताट टिकलं.

मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. बेटावरच्या सेगा नृत्यसंगीताला २०१४ मध्ये आणि भोजपुरी गीत-गवईला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तितकीच काळजी स्वयंपाकघरातल्या ज्ञानाचीही घ्यायला हवी. रत्नागिरीतल्या आणि कास्कावेलमधल्या आज्यांच्या पाककृती शेजारी शेजारी मांडणारं एक पुस्तक मराठीत यावं. हे काम करण्याजोगं आहे आणि त्या आज्या आहेत तोवरच ते व्हायला हवं.