कॉलेजचा ॲथलेटिक ट्रेनर : मैदानाच्या कडेला उभा राहून 'थांब' म्हणणारा माणूस

२ जानेवारी २०२३. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात व्यावसायिक फुटबॉलचा सामना चालू होता. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही. हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून, एकमेकांच्या अंगावर धडकायचा खेळ. बफेलो बिल्स संघाचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन एका खेळाडूला अडवायला गेला. छातीला धडक बसली. तो उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं.

मैदानात धावत जाऊन ज्याने त्याची छाती दाबायला सुरुवात केली तो डॉक्टर नव्हता आणि कोचही नव्हता. तो होता संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर, डेनी केलिंग्टन. त्याआधी तो सिरॅक्यूज विद्यापीठात फुटबॉल संघाबरोबर हेच काम करत होता. हॅमलिन वाचला आणि पुढच्या हंगामात परत मैदानात उतरला.

हे ॲथलेटिक ट्रेनर नेमके कोण असतात, कॉलेजात त्यांचं काम काय, ते शिकायचं कुठे आणि आपल्या गावच्या मैदानाला त्यातून काय घेण्यासारखं आहे, ते पाहू.

ट्रेनर म्हणजे जिमवाला नव्हे

आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममध्ये वजन उचलायला लावणारा माणूस डोळ्यापुढे येतो. अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्य क्षेत्रातला माणूस आहे. खेळ शिकवणं, संघ निवडणं, डावपेच आखणं ही कामं कोचची. ट्रेनरकडे पाच गोष्टी असतात :

- दुखापत होऊ नये म्हणून आधीच काळजी घेणं
- दुखापत झालीच तर मैदानावर पहिला उपचार करणं
- दुखापत किती गंभीर आहे ते ओळखून डॉक्टरकडे पाठवणं
- व्यायाम आणि उपचार देऊन खेळाडूला पुन्हा उभं करणं
- खेळाडू परत खेळायला तयार झाला का, हे डॉक्टरच्या सल्ल्याने ठरवणं

ट्रेनर डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. पण डॉक्टर रोज सरावाला हजर नसतो आणि ट्रेनर असतो, हा मोठा फरक आहे.

दिवस कसा जातो

सकाळचा सराव सहाला असेल तर ट्रेनर त्याच्या आधी हजर. पोरं रांगेत येऊन टेबलावर बसतात आणि तो एकेकाच्या घोट्याला पांढरी चिकटपट्टी बांधत जातो. फुटबॉलच्या संघात शंभराच्या आसपास पोरं असतात, म्हणजे किती घोटे झाले ते मोजा. मग पाणी, बर्फ, स्ट्रेचर आणि एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र, जागेवर आहे का ते बघायचं. सराव चालू असताना कडेला उभं राहायचं. कोण लंगडतोय, कोण गप्प झालाय, कोणाचा चेहरा पांढरा पडलाय यावर नजर.

दुपारी जुन्या दुखापतींचे व्यायाम. कोणाचा गुडघा ऑपरेशनचा, कोणाचा खांदा निखळलेला. संध्याकाळी दुसऱ्या संघाचा सराव. रात्री नोंदी लिहायच्या आणि कोचला कळवायचं की उद्या कोण खेळेल, कोण नाही. शनिवारी सामना. बाहेरगावचा असेल तर बसने संघाबरोबर.

दुभत्या जनावरांचा धंदा आणि हे काम सारखंच म्हणावं, सुट्टी नावाची गोष्ट नाही. त्यामुळे बरेच जण काही वर्षांनी कॉलेज सोडून दवाखान्यात किंवा शाळेत नोकरी धरतात.

हे काम आलं कुठून

अमेरिकन कॉलेजांत ट्रेनर ठेवायला सुरुवात झाली १८८० च्या दशकात. हार्वर्ड विद्यापीठाने १८८१ मध्ये ट्रेनर नेमला होता. तेव्हा त्याचं काम मालिश करणं आणि थंड पाणी मारणं एवढंच. शिक्षणाची अट नव्हती.

फुटबॉल खेळताना इतके तरुण मरत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आजची एनसीएए.

१९१७ मध्ये सॅम्युअल बिलिक यांनी ट्रेनरच्या कामावर पुस्तक लिहिलं. ते इलिनॉय विद्यापीठात ट्रेनर होते, पुढे डॉक्टर झाले. मालिशवाल्यांचं काम पहिल्यांदा शरीरशास्त्राच्या आधाराने मांडलं गेलं. १९५० मध्ये कॅन्सास सिटीत ट्रेनर लोकांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे नाटा, स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या खर्चाला हातभार लावला क्रेमर बंधूंनी. कॅन्सासमधल्या गार्डनर गावात त्यांचा मुरगळण्यावर चोळायच्या औषधाचा धंदा होता. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने ट्रेनरच्या कामाला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

आधी हे पुरुषांचंच काम समजलं जायचं. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठातल्या ज्युली मॅक्स नाटाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आज या कामात बायका निम्म्याहून जास्त आहेत.

शिक्षण आणि पगार

पूर्वी पदवीवर काम भागायचं. २०१५ मध्ये निर्णय झाला आणि २०२२ पासून नवीन विद्यार्थ्यांना मास्टर्स डिग्रीच करावी लागते. त्यात शरीररचना, दुखापतींचं निदान, पुनर्वसन, तातडीचे उपचार आणि संघाबरोबर प्रत्यक्ष काम असतं. मग राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परवाना.

अमेरिकी सरकारच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार या कामाचा मधला पगार वर्षाला सुमारे ५८ हजार डॉलर आहे. आपल्या रुपयांत गुणून हुरळून जाऊ नये. तिथलं घरभाडं, विमा आणि शिक्षणाचं कर्ज यातूनच जातं. ज्या कोचबरोबर तो उभा असतो, त्याचा पगार मोठ्या कॉलेजांत कोट्यवधी रुपयांचा असतो.

या फरकातच पुढच्या गोष्टीचं मूळ आहे.

मेरीलँडची घटना

२९ मे २०१८. मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सराव. पोरांना ११० यार्डांच्या, म्हणजे साधारण १०० मीटरच्या, दहा धावा होत्या. १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर धावा चालू असतानाच थकून गेला, पेटके आले. मैदानावर ट्रेनर हजर होते. पण उष्माघात आहे हे वेळेवर ओळखलं गेलं नाही. अंगाचं तापमान मोजलं नाही. बर्फाच्या पाण्यात बसवलं नाही. रुग्णवाहिका बोलवायला साधारण तास गेला. दवाखान्यात पोचला तेव्हा अंगात १०६ फॅरनहाइट ताप होता. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. १३ जूनला तो गेला.

चौकशीचं काम विद्यापीठाने ज्यांना दिलं ते रॉड वॉल्टर्स स्वतः जुने कॉलेज ट्रेनर. त्यांच्या अहवालात या चुका लिहिल्या आहेत. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे घेतली. २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलर देण्याला राज्याने मंजुरी दिली आणि त्याच वर्षी मेरीलँडमध्ये जॉर्डनच्या नावाने खेळाडूंच्या सुरक्षेचा कायदा झाला.

म्हणजे मैदानावर ट्रेनर असणं पुरेसं नाही. त्याला ओळखता आलं पाहिजे, आणि ओळखल्यावर कोणाला न विचारता सराव थांबवता आला पाहिजे.

कोचच्या वर कोणाचा शब्द?

ट्रेनरची नोकरी पूर्वी बऱ्याच ठिकाणी कोचच्याच हातात असायची. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी ट्रेनर म्हणाला की 'हा पोरगा खेळणार नाही', तर कोच नाराज. कोच नाराज म्हणजे पोटावर पाय.

म्हणून २०१० मध्ये एनसीएएने सांगितलं की डोक्याला मार बसल्याची लक्षणं दिसली तर खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये मोठ्या पाच परिषदांच्या कॉलेजांसाठी नियम झाला की खेळाडूच्या उपचाराचा आणि परत खेळण्याचा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर यांचाच. कोचने त्यात ढवळाढवळ करायची नाही. मेरीलँडही त्याच पाच परिषदांपैकी एकीत होतं. नियम कागदावर येऊन दोन वर्षं झाली होती. कागदावरचा नियम मैदानावर उतरायला माणूस खंबीर लागतो, तेवढीच तयारीही लागते.

आपल्या मैदानाचं काय?

आपल्या तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं-पोरी रोज दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या वेळी उन्हात ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले होते. ते अजून बऱ्याच घरांना आठवतं. कबड्डीच्या स्पर्धा, कुस्तीचे आखाडे, अकॅडम्या यांत कोच असतो. 'थांब' म्हणणारा मात्र क्वचितच असतो.

धावताना होणाऱ्या उष्माघाताला ४५ डिग्री ऊन लागतंच असं नाही. दमट हवेत, जोरात धावताना कमी उन्हातही तो होतो. घाम आलेला असला तरी होतो. खूण एकच मोठी : माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो किंवा कोसळतो. अशा वेळी अमेरिकन ट्रेनरला शिकवलेलं एक सूत्र आहे : आधी थंड करा, मग हलवा.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॅलमथ गावात दर ऑगस्टला साधारण ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू नोंदले गेले. त्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बसवलं. सगळेच्या सगळे वाचले. टबही काही खास लागत नाही. अमेरिकेत बऱ्याच शाळा-कॉलेजांत गुरांना पाणी पाजायचा हौद यासाठी मैदानावर ठेवतात.

गावात करण्यासारखं :

- १०८ ला लगेच फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका
- सावलीत न्या, बूट आणि जाड कपडे काढा
- हौद, टाकी किंवा मोठं टोपलं असेल तर थंड पाण्यात मानेपर्यंत बसवा. काखेत हात घालून एकाने धरून ठेवा, डोकं पाण्याबाहेर
- हौद नसेल तर पाणी ओतत राहा, ओल्या फडक्यांत बर्फ घालून मान, काखा, जांघा यांवर ठेवा, वारा घाला
- शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका
- श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. हृदय बंद पडल्यावर मदत नसेल तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होते

इथून या कामात यायचं असेल तर

आपल्याकडे ॲथलेटिक ट्रेनर नावाची वेगळी पदवी सहसा मिळत नाही. जवळचा रस्ता फिजिओथेरपीचा. बारावी सायन्सला बायॉलॉजी, मग नीट, मग बीपीटीएच. महाराष्ट्रातली यातली बरीच कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुढे क्रीडा फिजिओथेरपीत मास्टर्स करता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला डिप्लोमा कोच होण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही. हा फरक प्रवेश घेण्याआधी लक्षात घ्यावा.

डिग्री घेणारे थोडे असतील. पण छाती दाबायची पद्धत आणि पाण्याचा हौद, या दोन गोष्टी कोणत्याही गावाला जमण्यासारख्या आहेत. उद्या पहाटे पोरं धावायला निघाली की एकाने धावू नये. कडेला थांबावं, पाण्याजवळ, आणि बघत राहावं. त्याने 'थांब' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं.