कर्नलच्या मेमरीत डोकावण्याचा इतिहास

प्रयोगशाळेत तुम्ही ‘पीएस’ ही कमांड देता आणि चालू प्रोसेसची यादी समोर येते. ही माहिती कर्नलच्या मेमरीत असते, आणि तिथे साध्या प्रोग्रॅमला प्रवेश नसतो. मग ‘पीएस’ला ती मिळते कशी?

जुन्या युनिक्समध्ये ‘पीएस’ हा प्रोग्रॅम ‘/डेव्ह/केमेम’ ही फाइल उघडून कर्नलची मेमरी थेट वाचत असे. कोणता व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर आहे, हे कर्नलच्या सिम्बॉल टेबलमधून शोधावे लागे. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हीच खटपट नको म्हणून सनओएसमध्ये ‘केव्हीएम’ लायब्ररी आली. पुढे बीएसडीनेही ती रचना स्वीकारली. ‘केव्हीएम_ओपन’ने मेमरी उघडायची, ‘केव्हीएम_एनलिस्ट’ने पत्ता शोधायचा, ‘केव्हीएम_रीड’ने वाचायचे. कोसळलेल्या कर्नलचा क्रॅश डम्पही याच फंक्शनांनी वाचता येई. उणीव एकच, पण मोठी: कर्नलमधले स्ट्रक्चर बदलले की प्रोग्रॅम चुकीचे वाचू लागे.

लिनक्सने ‘पीएस’साठी ‘/प्रॉक’चा मार्ग घेतला. पण कर्नलमधलीच चूक शोधायची असेल तर? त्यासाठी ‘केजीडीबी’ होता. दोन संगणक सिरियल केबलने जोडायचे. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर ‘जीडीबी’. पहिला थांबवून त्याची मेमरी दुसऱ्यावरून वाचायची. मात्र डिबगरमुळे लोक मूळ कारणाऐवजी वरवरची मलमपट्टी करतात, असे लायनस टोरवाल्ड्स यांचे मत होते. २००० साली त्यांनी तसा उघड विरोध केला. त्यामुळे ‘केजीडीबी’ अनेक वर्षे बाहेरचा पॅच म्हणूनच राहिला, आणि कर्नलच्या नव्या आवृत्तीशी तो पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागे.

त्या काळात हे चिकाटीचे काम सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे होते. अखेर २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, ‘केजीडीबी’ मुख्य कर्नलमध्ये आला. त्याच्या मुख्य सोर्स फाइलच्या माथ्यावर काळे यांचे नाव आजही आहे.

‘/डेव्ह/केमेम’ मात्र २०२१ मध्ये, ५.१३ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आली. तिचा प्रामाणिक वापर जवळजवळ संपला होता. घुसखोरांना मात्र ती सोयीची होती. आज ‘ड्रगन’सारखी लायब्ररी पायथॉनमधून चालू कर्नल आणि क्रॅश डम्प दोन्ही वाचते. स्ट्रक्चरची रचना ती डिबग माहितीतून घेते, म्हणून ‘केव्हीएम’ची जुनी उणीव तिला फारशी भेडसावत नाही.

इथे जबलपूरला माझे विद्यार्थी विचारतात, “सर, कर्नलचे काम आपल्याकडे कुठे होते?” मी त्यांना ती सोर्स फाइल उघडायला सांगतो. तुम्हीही उघडा, आणि कोडच्या आधी वरची नावे वाचा.