तह झाल्यानंतरचे युद्ध

11 नोव्हेंबर 1918 रोजी तोफा थंडावल्या आणि पहिले महायुद्ध संपले, असे आपण मुलांना शिकवतो. परंतु कित्येक घरांत ते युद्ध त्यानंतरच शिरले. अंगावर जखम नसलेला शिपाई घरी येई आणि रात्री किंचाळून उठे. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 1915 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या विकाराविषयी लिहिले आणि ‘शेलशॉक’ हा शब्द छापला. तोफगोळ्याने बसलेला धक्का, हा त्याचा अर्थ. पुढे ब्रिटिश सरकारने चौकशी समिती नेमली. तिने 1922 च्या अहवालात हा शब्दच सरकारी कागदांतून काढावा, अशी शिफारस केली. दुखणे मात्र शिफारशीने जात नसते!

ते नोंदवून ठेवले एका कादंबरीने. व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ 1925 साली प्रसिद्ध झाली. तीत लंडनमधील 1923 च्या जूनचा एकच दिवस आहे. एकीकडे श्रीमंताघरच्या मेजवानीची तयारी. दुसरीकडे सेप्टिमस हा माजी सैनिक. जिवलग अधिकारी इव्हान्स युद्धाच्या अखेरीस इटलीत पडला, तेव्हा सेप्टिमसला काहीच वाटले नाही. या काहीच न वाटण्याच्या धास्तीतच त्याने मिलानच्या रेझियाशी लग्न ठरवले. आता तो मेलेल्या मित्राशी बोलतो, आणि परक्या मुलखात ती बिचारी कोणापाशी रडणार? एक डॉक्टर म्हणतात, याला काही झालेले नाही. दुसरे त्याला तिच्यापासून दूर पाठवू पाहतात.

शेवटच्या दिवशी रेझिया घरमालकिणीच्या मुलीसाठी टोपी शिवायला घेते. सेप्टिमस फिती-फुले जुळवून देतो. दोघे पूर्वीसारखी हसतात. एवढ्यात जिन्यावर डॉक्टरांची पावले वाजतात, आणि तो खिडकीतून उडी टाकतो. रात्री मेजवानीत ती वार्ता एका पाहुणीच्या तोंडून कळते.

इतिहासात मृतांची गणती असते. उशाशी जागणाऱ्या बायकांची नसते. आपल्या मराठा पलटणीही त्या युद्धात मेसोपोटेमियात लढल्या. 1916 च्या एप्रिलात कूट पडले, तेव्हा त्यांतले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. जे परतले, त्यांच्या घरच्या रात्री कोणी लिहिल्या?

पुढे 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी अशा आघातोत्तर विकाराला आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. रेझियाचे औषध मात्र त्याआधीचे आहे. दिवाळीच्या रजेवर आलेला जवान फराळाच्या ताटावर गप्प झाला, तर पराक्रमाच्या गोष्टी विचारू नयेत. शेजारी बसून त्याच्यासंगे आकाशकंदिलाचे कागद चिकटवावेत.