‘पुष्पक’मधून पेडणे-डिचोली, डिसेंबर 1961

दार ओढून घ्या आणि कडी बसली का ते पुन्हा बघा. ‘पुष्पक’ दोघांचंच विमान आहे. शेजारी बसलं की खांद्याला खांदा लागतो. एचएएलनं बंगळुरात बनवलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत हल्ली पोरं यावरच शिकतात. पंख डोक्यावर असल्यानं खालची जमीन मोकळी दिसते, आणि तुम्हाला आज तीच बघायची आहे.

रेडीचा किनारा मागे पडतोय. उजव्या हाताला समुद्र. समोर टेकडीच्या टोकावर तेरेखोलचा किल्ला, आत चर्च. नदीच्या या काठावर, महाराष्ट्राला चिकटून राहिलेला गोव्याचा हा एवढासा तुकडा. 15 ऑगस्ट 1954ला सत्याग्रही या किल्ल्यात शिरले, तिरंगा लावला, दिवसभर तो फडकवत ठेवला आणि मग तुरुंगात गेले. तुमच्या विमानाला ही नदी ओलांडायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता डावीकडे, माझ्या खांद्यावरून लांब बघा. बांद्याहून येणारा रस्ता डोंगरात शिरतो तिथं पत्रादेवी. 15 ऑगस्ट 1955ला निःशस्त्र माणसं सीमेवर ठिकठिकाणी रांगा करून आत आली आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग पत्रादेवीला पडला. त्यानंतर भारतानं सीमा बंद केली. पोर्तुगीजांची दाबोळीची धावपट्टी आणि स्वतःची विमान कंपनी त्याच्या काही महिने आधीच सुरू झाली होती.  पेडण्याच्या या रस्त्यावर सांडलेलं रक्त फार थोड्यांच्या लक्षात आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

खाली येऊ. केरीवर रापण ओढतायत. जाळ्याचा मोठा अर्धगोल पाण्यात, दोन दोर वाळूवर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग लागलेली. टाचा वाळूत रुतवून, पाठ पार मागे टाकून ओढतात. शेवटचा माणूस दोर सोडून धावत पुढे जातो, पाण्याजवळ पुन्हा पकडतो. बायका टोपल्या घेऊन थांबल्यात. वर घारी घिरट्या घालतायत, आपल्यापेक्षा खाली. एक-दोघं मान वर करून आपल्याकडे बघतात, पण दोर कोणी सोडत नाही. राज्य बदललं तरी मासळी थांबत नाही.

हरमल. वाळूमागच्या झाडीत लपलेलं गोड्या पाण्याचं तळं सूर्य चमकला म्हणूनच दिसलं. मग मांद्रे, आश्वे, मोरजी. माड, होड्या आणि रिकामी वाळू. पाटी नाही, दिवा नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथला हा किनारा तुम्हाला ओळखू येणार नाही.

शापोऱ्याच्या मुखाशी डावीकडे वळतो. नदीवरचा पूल तुटलेला दिसेल. 18 डिसेंबरच्या पहाटे माघार घेताना पोर्तुगीजांनी शापोरा, अस्नोडा आणि डिचोलीचे पूल उडवून दिले. त्याच दिवशी आपल्या 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र गप्प केलं. 19च्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वानं शरणागतीवर सही केली.

उत्तरेला तो लांबरुंद सपाट सडा दिसतोय ना, तो मोपा. वाळलेलं गवत, काजू, गुरं. 2022च्या डिसेंबरात इथं विमानतळाचं उद्घाटन होईल, आणि या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना जमीन सोडावी लागेल. आज वरून पाहिलं तर तो ओसाड वाटतो. तो तसा नाही; गवतातल्या पायवाटा मोजून बघा.

डिचोली तांबडी आहे. डोंगराला खणून काढलेल्या जखमा, खाणीची लोखंडी माती घेऊन मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी. हा माल जपानला जातो. पलीकडे मये तलाव. त्याच्याही पुढे नार्व्याला झाडीत सप्तकोटेश्वराचा घुमट. शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार करवलेलं देऊळ.

इथंच एका सड्यावर उतरू. चाकांखाली जांभा खडखडतो. इंजिन बंद केलं की आधी कानात नुसता घूं आवाज राहतो, मग कावळे, मग एक जड घरघर. हवाई दलाचं विमान, आणि त्याच्या भोंग्यातून बाईचा आवाज. पोर्तुगीजांनी शस्त्रं खाली ठेवली, गोवा मोकळा झाला. आधी कोंकणीत, मग पोर्तुगीजमध्ये.

सड्यावरच्या गुराख्याला हा आवाज नवा नसेल. 25 नोव्हेंबर 1955पासून हाच आवाज रेडिओवर लागायचा: ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी ते केंद्र आधी आंबोलीच्या आणि मग कॅसल रॉकच्या जंगलात लपून चालवलं. सहा वर्षं ऐकणाऱ्यानं दार लावून, आवाज बारीक करून ऐकलं. आज दोघंही वर त्या विमानात आहेत. लिबिया 37 वर्षांच्या आहेत. पद्मश्री त्यांना मिळेल 2025 साली, शंभरीत.

451 वर्षांची गुलामी सरली, असं त्या सांगतात. आधी जिंकलेल्या तिसवाडीचा हिशोब तो. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी. पोर्तुगीजांच्या हाती हे मुलूख 1780च्या दशकात गेले. इथल्या माणसाच्या आज्याच्या आज्यानं सावंतवाडीकरांचा अंमल बघितलेला असू शकतो. विमान मयेवरून वळलं, पत्रकं सुटली. गुराखी गुरं टाकून धावतोय. तुम्हीही उतरा, एक तुम्हालाही मिळेल.