छोट्या खिडकीतले तुटलेले हर्फ

२०१० च्या आसपासची गोष्ट. रमजानचे दिवस होते. तरावीहनंतर मस्जिदच्या पायऱ्यांवर आम्ही चार-पाच जण एका मित्राचा नवा कोरा स्मार्टफोन बघत उभे होतो. त्यानं कुरआनचं एक मोफत ॲप उतरवून घेतलं होतं. सूरह फातिहा उघडली आणि सगळे गप्प झाले. 'बिस्मिल्लाह'मधला बे वेगळा, सीन वेगळा, मीम वेगळा, आणि सगळी रांग डावीकडून उजवीकडे. हाफिजसाबनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मियाँ, हर्फ तो सब हैं, लफ्ज एक भी नहीं."

लगेच तर्क सुरू झाले. एकाच्या मते ॲप करणाऱ्याला अरबी येत नसणार. दुसरा म्हणाला, हे मुद्दाम केलंय. बेअदबीचा संशय आपल्याकडे फार लवकर येतो आणि मोबाईल हातात असेल तर त्याहून लवकर पसरतो. प्रत्यक्षात त्या ॲपमधला मजकूर बहुधा अक्षरशः बरोबर होता. बिघाड होता ती ॲपच्या आत बसवलेली एक छोटी खिडकी. कुरआनचे तर्जुमे, हदीसची संकलनं, उर्दू-इंग्रजी शब्दकोश अशा कितीतरी ॲपचा मजकूर याच खिडकीतून दिसे. तिचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, कारण ती चालत असते तोवर दिसतच नाही.

ही खिडकी म्हणजे एचटीएमएल दाखवणारा कंट्रोल. वेबपान ज्या भाषेत रचतात त्या भाषेतला मजकूर ॲपच्या आतच दाखवायची सोय. एप्रिल २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'पॉकेट पीसी' बाजारात आणला. तळहातावर मावणारं, काडीनं टोचून चालवायचं ते यंत्र होतं. त्याच्या विंडोज सीई या प्रणालीत असा कंट्रोल होता. शब्दकोश किंवा धर्मग्रंथ दाखवणाऱ्याला तो वरदानच वाटला. मथळा ठळक, तळटीप बारीक, आयतचा क्रमांक रंगीत, हे सगळं स्वतः रेखाटत बसण्यापेक्षा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहायचा आणि खिडकीत ओतायचा.

पण खिडकी हट्टी होती. मजकूर ओतून झाल्यावर 'आता संपलं' असा वेगळा संदेश तिला पाठवावा लागे. त्याचं नाव 'डीटीएम एंडऑफसोर्स'. तो विसरला की पान अर्धवट किंवा पांढरं. प्रोग्रामर बिचारा आपल्या मजकुरात चूक शोधत बसे. मजकुरात चित्र असेल तर ते कुठून आणायचं हे खिडकीला कळत नसे, कारण मजकूर कुठल्याही पत्त्यावरून आलेला नव्हता. मग ती ॲपलाच विचारी. ॲपनं उत्तर दिलं नाही तर चित्राची जागा रिकामी. दुव्यावर टोचलं तरी काही होत नसे. खिडकी फक्त निरोप पाठवी, पुढचं पान उघडणं ॲपचं काम. २००३ साली आलेल्या डॉटनेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीत तर ही खिडकी तयार स्वरूपात दिलेलीच नव्हती. लोक ती मागच्या दारानं बसवत आणि तिचे निरोप पकडायला आणखी एक अदृश्य खिडकी उभी करत. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेब ब्राउझर नावाचा कंट्रोल आला आणि ही कसरत थोडी कमी झाली.

इंग्रजी मजकुराची कथा जवळपास इथेच संपते. आपली इथून सुरू होते.

पडद्यावर बिनरोमन अक्षर नीट उमटायला तीन गोष्टी लागतात. आलेले आकडे कुठल्या लिपीचे हे कळलं पाहिजे. त्या लिपीचा फॉन्ट यंत्रात पाहिजे. आणि अक्षरं एकमेकांशेजारी आली की त्यांचं रूप कसं बदलतं हे जाणणारा एखादा कातिब आत बसलेला पाहिजे. मराठी वाचकाला तिसरी गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क टंकतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. कातिब नसेल तर ती क च्या मागे लटकते आणि 'क्ष'चे तुकडे होऊन मधला पायमोडका क उघडा पडतो. अरबीत बहुतेक हर्फांना चार रूपं. एकटा, शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी. युनिकोडमध्ये साठवताना हर्फ एकच साठवतात, रूप निवडायचं काम कातिबाचं. शिवाय दिशा उलटी. डेस्कटॉप विंडोजमध्ये 'युनिस्क्राइब' नावाचा असा कातिब होता. हातातल्या यंत्रांमध्ये तो घालायचा की नाही हे यंत्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर. जागा कमी, मेमरी महाग, आणि ज्या बाजारासाठी यंत्र बनतंय तिथे अरबी वाचणारा कोण?

त्यामुळे बिघाड शोधणाऱ्यांनी पडद्यावरच्या घाणीवरून रोग ओळखायची एक पद्धत बसवली. हकीम नाडी बघतो तशी. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मजकूर वाटेतच मेला, आता परत येणार नाही. मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं गोल चलनचिन्ह पुन्हा पुन्हा दिसलं, किंवा अरबीऐवजी काट मारलेला रोमन ओ दिसला, तर मजकूर शाबूत आहे, खिडकी फक्त त्याला युरोपीय लिपी समजून वाचतेय. आणि अक्षरं ओळखू येतात पण सुटी पडलीत, म्हणजे कातिब घरी नाही. आमच्या मस्जिदच्या पायरीवरची केस ही शेवटची.

अँड्रॉइड २००८ साली आलं तेव्हा त्या खिडकीचं नाव झालं वेबव्ह्यू. तिच्यात मजकूर ओतण्याच्या एका आज्ञेचं नाव 'लोडडेटा'. तिच्या शेवटच्या रकान्यात लोक विश्वासानं 'यूटीएफ-८' लिहीत आणि तरीही काट मारलेले ओ उमटत. कारण तो रकाना लिपीसाठी नव्हताच. मजकूर कुठल्या वेष्टनात गुंडाळलाय एवढंच तिथे सांगायचं होतं. लिपी सांगायची जागा त्याच्या आधीच्या रकान्यात होती, किंवा सरळ 'लोडडेटाविथबेसयूआरएल' ही दुसरी आज्ञा वापरायची होती. एका रकान्याच्या नावानं जगभरच्या किती रात्री खाल्ल्या असतील! मजकुरात टक्क्याचं चिन्ह मोकळं राहिलं तरी ही आज्ञा अडखळे, हे आणखी वेगळं.

पण लिपी बरोबर सांगितली तरी कातिबाचा प्रश्न उरायचाच. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये तो अरबीसाठी धड नव्हता आणि देवनागरीसाठीही नव्हता. २०११-१२ मध्ये चौथ्या आवृत्तीसोबत परिस्थिती सुधारली. तोवर लोकांनी दोन उपाय शोधले.

पहिला उपाय जुगाडाचा. युनिकोडच्या एका कोपऱ्यात अरबी हर्फांची तयार रूपं जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी ठेवलेली आहेत. प्रोग्रामरनी स्वतःच शब्दातला प्रत्येक हर्फ त्याच्या योग्य रूपानं बदलला, मग सगळा शब्द उलटा केला आणि खिडकीत ओतला. डावीकडून उजवीकडे रांग लावणाऱ्या मूर्ख खिडकीत तो सरळ दिसू लागला. वर्ष-दोन वर्षांनी फोन सुधारले. आता खिडकीला दिशा कळत होती. तिनं उलटा केलेला शब्द इमानदारीनं पुन्हा उलटा केला. जे ॲप जुन्या फोनवर वाचता येत होतं ते नव्यावर बिघडलं. शोधाच्या चौकटीत 'रहमान' टाकावा तर सापडत नाही, कारण आत रहमान नव्हता, रहमानचा उलटा मुखवटा होता.

दुसरा उपाय चित्राचा. जुन्या साध्या फोनवर ऑपेरा मिनी वापरलेल्यांना आठवेल. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टंकायचं, शेवटपर्यंत खाली जायचं आणि क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा, या ओळीपुढे 'येस' करायचं. मग मराठी आणि उर्दू लखलखीत दिसे, कारण ती अक्षरं फोन काढतच नव्हता. दूरच्या सर्व्हरवर त्यांची चित्रं बनत आणि फोनवर येत. माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी मोबाईलवर पहिली मराठी बातमी वाचली ती अशी, चित्र म्हणून. कुरआनच्या ॲपनीही तेच केलं. मदीनेतलं किंग फहद संकुल १९८४ पासून मुसहफ छापतं. उस्मान ताहा या खत्तातानं लिहिलेल्या तिथल्या मुसहफची पानं ६०४. ती सगळी चित्रं म्हणून ॲपमध्ये घातली की खिडकीनं काही बिघडवायचा प्रश्नच नाही. या दोन टोकांच्या मधला एक विलक्षण मार्गही निघाला. ६०४ पानांसाठी ६०४ वेगळे फॉन्ट, आणि प्रत्येक फॉन्टमध्ये त्या पानावरचा एकेक अख्खा शब्द एकेका अक्षराच्या जागी. दिसायला मजकूर, असायला चित्र. आयत उचलून दुसरीकडे चिकटवली की हाती निरर्थक चिन्हं येतात.

इतिहास वाचणाऱ्याला इथे थबकायला होतं. हे सगळं आधी एकदा घडून गेलंय. १५३७-३८ मध्ये व्हेनिसच्या पागानिनी बापलेकांनी सुट्या खिळ्यांनी अरबी कुरआन छापला. त्यात हर्फांच्या इतक्या चुका होत्या की मुसलमान वाचकानं तो हातात धरला नसता. त्याची एकच प्रत आज ठाऊक आहे, तीही १९८७ साली व्हेनिसमधल्या एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. मुसलमानांनी छपाईला विरोध केला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यामागे राज्यकर्ते, कातिबांची रोजीरोटी अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण खिळ्यांनी लिपी तुटत होती हे कारण मला नेहमी कमी सांगितलेलं वाटतं. कारण शिळाछाप आली आणि चित्र पालटलं. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डरनं दगडावरून छापायची युक्ती काढली. कातिबानं लिहायचं, दगडानं त्याचं चित्र उमटवायचं. लिपी शाबूत. एकोणिसाव्या शतकात लखनौ, कानपूर, मुंबईत शिळाछापखाने धडाधड उघडले. १८५८ मध्ये सुरू झालेल्या लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं, म्हणजे एका हिंदू मालकानं, कुरआन घरोघरी पोचवला. देवनागरीचंही तसंच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच.

ऑपेरा मिनीच्या सर्व्हरवर जे चालत होतं ते शिळाछापच होतं.

चित्राची किंमत मात्र मोजावी लागते. त्यात शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि अंध माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुकं होतं. म्हणून मजकूरच नीट हवा होता आणि तो नीट दाखवणारा कातिबही. मजकुराचं काम २००७ मध्ये सुरू झालेल्या 'तन्जील' प्रकल्पानं हाती घेतलं. कुरआनचा काटेकोर तपासलेला युनिकोड पाठ त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. कातिबाचं नाव 'हार्फबझ'. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडा. 'ओपनटाइप' या फॉन्टपद्धतीच्या नावाचं हे सरळ फारसी भाषांतर. बेहदाद इस्फहबोद या इराणी प्रोग्रामरनं ते नव्यानं लिहून काढलं. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या आत तेच बसलंय. तुम्ही क्रोममध्ये मराठी वाचत असाल तर वेलांटी जागेवर बसवणारा हाच.

खिडकीचं दुखणं संपलं असं मात्र नाही. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून वेबव्ह्यू क्रोमियमवर उभी राहिली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती प्रणालीपासून सुटी झाली, म्हणजे दुकानातून वेगळी अद्ययावत करता येऊ लागली. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं की ४.३ आणि त्याआधीच्या फोनांमधल्या खिडकीच्या सुरक्षात्रुटी गूगल आता दुरुस्त करणार नाही. असे फोन कुणाच्या हातात होते? मोहल्ल्यातल्या, खेड्यातल्या, जुना फोन पुरवून वापरणाऱ्या माणसाच्या. आणि मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष आवृत्तीनं जगभरातली ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. लोक त्या त्या ॲपला शिव्या घालत होते. पायरीवर उभे राहून आम्हीही तेच केलं होतं.

गेल्या रमजानमध्ये हाफिजसाबनी मला पुन्हा बोलावलं. नातवानं त्यांना नवीन ॲप घालून दिलं होतं. यात हर्फ जोडलेले, दिशा बरोबर. पण आपल्याकडच्या मुसहफमध्ये आयतच्या वर वक्फच्या बारीक खुणा असतात, त्यांच्या जागी ठिकठिकाणी चौकोन होते. "ये चौकोन कौनसा वक्फ है? रुकना है के नहीं रुकना है?" ते हसत विचारत होते, पण बोट पानावरून हलवत नव्हते. मी ॲप करणाऱ्यांना लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. खुणांचा फॉन्ट सोबत दिला होता, पण खिडकीला सांगितलेल्या त्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं. फॉन्ट सापडला नाही म्हणून खिडकीनं काही न बोलता फोनचा नेहमीचा फॉन्ट घेतला होता, आणि त्यात त्या खुणा नव्हत्या. पुढच्या आवृत्तीत चौकोन गेले. हाफिजसाबनी मात्र तोवर कपाटातला मुसहफ काढून घेतला होता.